तिसऱ्या माणसाचा वेग

पुण्यात सकाळी कुठल्याही टेकडीवर जा, लोक एकमेकांना आकडे सांगताना सापडतील. सिंहगड पायथ्यापासून पुणे दरवाजा किती मिनिटांत, बोपदेव घाट पाय न टेकता चढलास का, दहा किलोमीटर तासाच्या आत येतात का. नमस्कार-चमत्कार नंतर. निवृत्त मंडळीही मागे नाहीत. वेताळ टेकडीवर एक काका भेटतात, ते आपला आकडा सांगायच्या आधी तुमचा विचारून घेतात, म्हणजे सोयीने कमी-जास्त करता येतो.

अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये या आकड्यांची किंमत एका नियमाने उतरते: संघाने एकत्र राहायचं. अंतर ठरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ५० किंवा १०० मीटर. त्याहून लांब सापडलात तर दंड म्हणून वेळ वाढते, कुठे कुठे सरळ बाद. चेकपॉइंटवर, म्हणजे आमच्या भाषेत सीपीवर, छत्री लावून बसलेल्या स्वयंसेवकाचा पहिला प्रश्न असतो, "तिघंही आले?" दोघं येऊन पाणी पिऊन ताजेतवाने झाले असले तरी तो कार्डावर पंच मारत नाही. तिसरा धापा टाकत समोर उभा राहिला की मगच मारतो. कार्डावर वेळ पडते ती तिसऱ्याची.

हा खेळ म्हणजे नेमकं काय, हे मला बँकेत दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. डोंगरातून चालणं-पळणं, कच्च्या रस्त्याने सायकल, पाण्यात होडी किंवा कयाक, कधी दोरावरून नदी ओलांडणं, आणि हे सगळं हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन. रस्त्यावर बाण रंगवलेले नसतात. जीपीएस वापरायला बंदी. मोबाइल पाकिटात घालून सील करतात, अडचण आली तरच ते पाकीट फोडायचं. कोणत्या वाटेने जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मॅनेजरसाहेब दर वेळी सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "बक्षीस काय असतं?" आमच्या वाट्याला बहुधा टी-शर्ट येतो, तोही मापाचा नसतो.

या खेळाचा जन्म आपल्याकडचा नाही. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये रेड गॉलवाझ नावाची शर्यत झाली, तिच्यामागे एक फ्रेंच पत्रकार होता. जंगल, नद्या, डोंगर, दिवसरात्र सलग, आणि संघात एक तरी बाई हवीच. हा नियम पुढच्या मोठ्या शर्यतींनी उचलला, आणि आज जागतिक पातळीवर चौघांचा मिश्र संघ हेच रूढ आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत युटाच्या वाळवंटात इको-चॅलेंज सुरू झाली आणि हा प्रकार टीव्हीमुळे घरोघरी गेला. २०१९ ला फिजीत ती पुन्हा झाली तेव्हा ६६ संघ उतरले होते. त्यात डेहराडूनच्या ताशी आणि नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणींचा आपला भारतीय संघही होता. या मोठ्या शर्यतींत लोक पाच-पाच, दहा-दहा दिवस तासा-दोन तासांच्या झोपेवर काढतात. झाडांच्या जागी माणसं दिसायला लागतात म्हणे. आम्ही त्या वाटेला गेलेलो नाही. पुण्याच्या आसपास एन्ड्युरो-३ सारख्या शर्यती दोन हजारच्या दशकापासून होत आल्या आहेत, तिथे संघ तिघांचा असतो. सोमवारी बँकेत खुर्चीवर बसता आलं पाहिजे, एवढ्या बेताने पळणारे आम्ही हौशी लोक.

आमचे तिघं म्हणजे सर, भाऊ आणि मी. सर शाळेत गणित शिकवत. भाऊचं पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वयाने माझ्याहून बराच लहान, ताकदीने आम्हा दोघांची बेरीज. ओळख झाली ती कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या ट्रेकला. वर्षानुवर्षं पुणेकर पौर्णिमेच्या आसपास हा ट्रेक करत आले आहेत. जुन्या कात्रज बोगद्यापाशी सुरुवात, मग टेकड्यांमागून टेकड्या; प्रत्येक टेकडीवर कुणीतरी "आता शेवटचीच" म्हणतं. सर त्या रात्री बॅटरी न लावता चालत होते आणि पुढच्या माणसाच्या बॅटरीवर सलग टोमणे मारत होते. पुढचा माणूस भाऊ होता.

नकाशा सरांकडे असायचा, पण वाचायला त्यांनी मलाही शिकवलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट म्हणजे १:५०,००० चा कागद. जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. तपकिरी रेषा समोच्चतेच्या, शेजारच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की पठार. इथपर्यंत भूगोलाच्या पुस्तकात असतं. खरी मजा पुढे आहे. रेषा वर टोक करतात तिथे घळ, खाली टोक करतात तिथे सोंड, आणि दोन सोंडांमधली कोणती चढायची हे पायथ्याशी उभं राहून ठरवायचं असतं, कारण अर्ध्यात गेल्यावर बदलायची म्हटली तर मधली घळ उतरून पुन्हा चढावी लागते. सह्याद्रीत घळ उतरणं म्हणजे घसाऱ्यावर बूड टेकून उतरणं. पँटचं काय होतं ते घरी गेल्यावर कळतं.

पुण्याला होकायंत्राचं एक सुख आहे. चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे आकडेमोड करावी लागत नाही. न्यूझीलंडमध्ये हाच फरक वीस अंशांच्या घरात जातो. पण सुख तेवढंच. दिशा धरताना एक अंश चुकलात तर किलोमीटरभरात १७ मीटर बाजूला जाता. पाच अंश चुकलात की जवळजवळ ९० मीटर, आणि कारवीच्या रानात ९० मीटर बाजूला म्हणजे भलत्याच ओढ्यात. म्हणून मुरलेले लोक मुद्दाम चुकतात. सीपी ओढ्याकाठी असेल तर नेमका त्याच्यावर नेम धरायचा नाही, शंभरेक मीटर डावीकडे धरायचा. ओढा लागला की सीपी उजवीकडेच आहे हे नक्की. नेमका नेम धरला आणि ओढ्यावर सीपी दिसला नाही तर उजवीकडे वळू की डावीकडे, यावर तिघांची तीन मतं होतात, आणि पुणेरी माणसांची तीन मतं मिटायला शर्यतीची वेळ पुरत नाही.

कागदावर नसलेल्या वाटाही ओळखाव्या लागतात. ढोरवाट उंची न बदलता डोंगराच्या पदराने आडवी जाते, छान रुळलेली असते, आणि चरायची जागा आली की एकाची दहा होऊन विरून जाते. माणसांची वाट तुलनेने अरुंद असते पण खिंड गाठते. शंका आली की सर खाली वाकून शेण बघायचे. नुसतंच शेण दिसलं, चपलेचा ठसा नाही, प्लॅस्टिकची पुडी नाही, तर ती वाट ढोरांची. गुटख्याच्या पुडीइतका खात्रीचा वाटाड्या डोंगरात दुसरा नाही, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

पाण्याचा भाग बहुतेकदा खडकवासल्याच्या किंवा त्याच्या वरच्या धरणांच्या फुगवट्यात असतो. आंबी नदीवरचं पानशेत, मोसेवरचं वरसगाव. पहिल्यांदा मी घरी सांगितलं की पानशेतच्या पाण्यात कयाक चालवायची आहे, तेव्हा आईने हातातली पळी खाली ठेवली. १२ जुलै १९६१ ला ती शाळकरी होती. नारायण पेठेतल्या माणसाला पानशेत म्हणजे धरण फुटल्याचाच दिवस. घरातल्या जुन्या भांड्यांचे आमच्याकडे अजून 'पुराच्या आधीचं' आणि 'पुरानंतरचं' असे दोन भाग आहेत. "लाइफ जॅकेट असतं गं," मी म्हटलं. "तेव्हा धरणपण होतं," आई म्हणाली.

तिला कुठे माहीत, की फेब्रुवारीत त्या पाण्यात बुडण्यापेक्षा रुतण्याची भीती जास्त. नकाशावरची निळी कड ही भरलेल्या धरणाची. उन्हाळा लागेपर्यंत पाणी बरंच मागे हटतं आणि मधे उरतो गाळ. वरून वाळून भेगाळलेला, भक्कम वाटणारा. चार पावलं टाकली की पोटरीपर्यंत आत. कयाक तिघांनी उचलून, एकेक पाय उपसत काठ गाठायचा. कागदावर बोटाच्या पेरापेक्षा कमी असलेला पट्टा, आणि तिथे चांगले संघ पाऊण तास घालवताना पाहिले आहेत. बूट आत राहिलेली माणसंही.

आता दोरीबद्दल. दोरी या खेळातली मला सर्वांत आवडणारी वस्तू. टो म्हणतात तिला. लांब, ताणली जाणारी, दोन्ही टोकांना कॅराबिनर, म्हणजे झटकन अडकवता-सोडवता येणारी धातूची कडी. एक टोक दमात असलेल्याच्या पाठपिशवीला, दुसरं दमलेल्याच्या कमरपट्ट्याला. आमची टो भाऊने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, वेणी घालून केली होती. हातात धरली की काळा वास लागायचा. सायकलवरही टो लावतात, पण तिथे दोरी सैल पडून चाकात गेली तर दोघंही आडवे, म्हणून पुढच्याने मागे न बघता मागच्याचा वेग ओळखायचा असतो. चालताना एवढी भानगड नाही. टोमुळे मागच्याचं वजन फारसं कमी होतच नाही. ती ओढ अगदी थोडी असते. पण वेग किती ठेवायचा हे मागच्याला ठरवावं लागत नाही, आणि थकलेल्या माणसाचं निम्मं बळ ते ठरवण्यातच जात असतं.

प्रश्न दोरीचा नाही, ती लावून घेण्याचा आहे. "अरे जमतंय मला, तुम्ही व्हा पुढे" हे वाक्य आपल्याकडे लहानपणापासून शाबासकी मिळवत आलेलं आहे. शर्यतीत ते फार महागात पडतं. पायात गोळे येण्याआधी अर्धा तास माणसाला कळलेलं असतं की काहीतरी बिनसतंय. त्या अर्ध्या तासात सांगितलं तर पिशवी दुसऱ्याकडे जाते, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेचं पाणी पोटात जातं, दोरी लागते, वेग थोडाच उतरतो. नाही सांगितलं तर पुढच्या टेकडीवर तिघंही बसून राहतात.

एकदा पानशेतच्या काठावरून वर एका खिंडीत चढत होतो. वणवा लागून गेला होता. गवत जळून काळं, गुडघ्यापर्यंत काजळी, आणि सावलीला एक झाड नाही. कयाकवर सगळ्यात जास्त वल्हं भाऊने मारलं होतं, आणि वल्ही मारताना बाटलीला हात लावला नव्हता. त्या चढावर तो गप्प झाला. भाऊ गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. तो चढावर गाणी म्हणतो, उतारावर गिऱ्हाइकांच्या नकला करतो. सरांच्या ते लक्षात आलं.

"भाऊ, तेरा सत्ते?"

"सोडा ना सर."

"तेरा सत्ते किती रे?"

भाऊ थांबला. उजव्या हाताची बोटं हलली. "अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला, आणि स्वतःच कपाळाला आठी घालून उभा राहिला, जणू उत्तर दुसऱ्याच कुणीतरी दिलं होतं.

सरांची ही परीक्षा नेहमीची. कुठल्या वैद्यकीय पुस्तकात आहे की नाही ठाऊक नाही, पण उन्हाने डोकं जड झालेल्या माणसाचा पाढा आधी जातो. भाऊला खडकाच्या वीतभर सावलीत बसवलं, मानेवर ओला रुमाल, घोट घोट पाणी. पिशवी सरांनी घेतली. मी माझ्या पिशवीतून दोरी काढली. भाऊने दोरीकडे पाहिलं. त्याच्याच दुकानातली, त्यानेच वेणी घातलेली. "ताई, तुम्ही मला ओढणार?" माझं वजन त्याच्या दोन-तृतीयांश असेल. मी काही न बोलता कॅराबिनर अडकवला. तो नाही म्हणाला नाही, पण मान वळवून खालच्या वाटेकडे बघितलं, कुठला दुसरा संघ येतोय का ते.

संघ नव्हता. वर धनगरवाड्याच्या अलीकडे एक म्हातारी मात्र बसली होती, दोन शेळ्या घेऊन. आमचा तांडा बराच वेळ न्याहाळून तिने मला विचारलं, "काय गं बाई, दाव्याला बांधून कुठं निघालीस त्याला?"

मला उत्तर सुचलं नाही. मागून भाऊचा आवाज आला, "बाजारला, आजी."

म्हातारी एवढी हसली की एक शेळी उधळली. सर म्हणाले, "आता तेरा सत्ते?" "एक्क्याण्णव," भाऊ म्हणाला. "आणि दोरी राहू द्या अजून. बरी वाटतीय."

खिंडीपर्यंत दोरी राहिली. ज्यांना आम्ही पाण्यात मागे टाकलं होतं त्यातले दोन संघ वर जाताना दिसले, ते दिसले. पण त्या दिवशीपासून आमच्यात दोरी मागायला कुणी लाजत नाही. उलट भाऊ सपाटीवरसुद्धा मागतो, आळस म्हणून.

जाता जाता मिश्र संघांविषयी. आपल्याकडे अजून बरेचदा असं होतं की दोन पोरं आधी ठरतात आणि मग "मिक्स्डमध्ये स्पर्धा कमी आहे" म्हणून बहिणीला, मैत्रिणीला, ऑफिसातल्या कुणाला तरी घेतात. शर्यतीआधीच्या बैठकीत एका गृहस्थाने आमच्या सरांना, माझ्या देखत, विचारलं होतं, "मॅडम निभावतील ना?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नकाशा त्यांच्याकडे आहे," ते म्हणाले, "आम्ही निभावू का ते त्यांना विचारा." संघात बाई हवी हा नियम कुणी दया म्हणून केलेला नाही. रात्री तीन वाजता, सगळे सारखेच पिचलेले असताना, कुणाचं डोकं जागेवर आहे यावर शर्यत ठरते, आणि ते डोकं दंडावरून ओळखता येत नाही. हे पटवायला मी आता वेळ घालवत नाही.

खर्चाचं विचाराल तर सायकल भाड्याने मिळते, होडी आयोजक देतात, बाकी बुटांवर कंजुषी करू नये एवढंच. सरावाला पुण्यासारखं गाव नाही. दिवसा तळजाई, रविवारी सिंहगड, फक्त तिथे भज्यांच्या आधी चढून उतरायचं, भज्यांनंतर उतरण्यात अर्थ नसतो. पौर्णिमेला कात्रज. नकाशाच्या सरावाला मात्र ओळखीची टेकडी उपयोगाची नाही, कारण पाय आपोआप वाट धरतात.

यंदा आमची अडचण वेगळी आहे. सरांच्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं, उतार मात्र बंद. आणि उताराशिवाय सह्याद्री कसा चालायचा ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. तर तिसरा भिडू शोधणं आलं. दोघंजण मिळाले. दोघांनाही एकेका रविवारी बोपदेवच्या पलीकडे, माळावर नेलं.

पहिला मुलगा मॅरेथॉनवाला. पळणं असं की बघत राहावं. प्रत्येक चढाच्या माथ्यावर तो आमच्या आधी पोचून, कमरेवर हात ठेवून उभा असायचा. "या, या, सावकाश या," म्हणायचा. अगदी मनापासून म्हणायचा. आम्ही वर पोचलो की त्याची विश्रांती संपलेली असायची, आमची सुरू व्हायची. दोरी दाखवली तर हसला, म्हणाला, "मला नाही लागणार." खरंच लागली नसती. तिचं दुसरं टोक आमच्यापैकी कुणाच्या तरी कमरेला जाईल हे त्याच्या मनातच आलं नाही.

दुसरी आमच्याच सोसायटीतली, भिशीतली. शाळेत कबड्डी खेळलेली, पुढे दोन मुलं, स्वयंपाक आणि टिफिनचा व्यवसाय. पळायला बेताची. तिसऱ्या किलोमीटरला तिने पाठपिशवी काढून भाऊच्या हातात दिली. "ही घे रे जरा. वरच्या झाडापाशी मी परत घेते." झाडापाशी खरोखर परत घेतली. पुढे माझी नजर नकाशात गुंतली होती, तेव्हा तिने न विचारता माझ्या तोंडात राजगिऱ्याची वडी कोंबली. "तू मघापासून गप्प आहेस," म्हणाली.

भाऊचं मत मॅरेथॉनवाल्याला. "ताई, एकदा तरी पोडियम बघू या ना." माझं मत दुसरीकडे. बरोबरी झाली म्हणून सरांना फोन लावला, संघात नसताना त्यांचं मत धरावं की नाही यावर आधी वाद झाला, मग धरलं. सरांनी दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पिशवी किती वेळाने परत घेतली तिने?" भाऊ म्हणाला, "दहा-बारा मिनिटांनी." "मग लिही तिचं नाव," सर म्हणाले.

भाऊ अजून कुरकुरतोय, पण तिच्यासाठी कमरपट्टा त्यानेच शिवून आणलाय. अर्ज भरून झाला. फक्त तिच्या घरी अजून सांगायचं आहे, आणि ते काम, ती म्हणते, टीमने करायचं. रविवारी आम्ही तिघं तिच्या सासूबाईंकडे चहाला जाणार आहोत. बरोबर नकाशा न्यावा की लाइफ जॅकेट, यावर मतभेद आहेत.